रेकॉर्ड आधी आली, कान मागून

1982 साली मुंबईत एका वादकानं तीन जपानी यंत्रं एकमेकांना जोडली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. वादकाचं नाव चरणजीत सिंग. एचएमव्हीनं त्याची एल.पी. काढली, नाव ठेवलं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'फ्यूचर' नावाच्या तिघा पोरांच्या गटानं त्याच तीन यंत्रांपैकी एकावर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाची रेकॉर्ड काढली आणि तिच्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा आख्खा पंथ उभा राहिला. शिकागोच्या पोरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. चरणजीत सिंगांना शिकागो कुठे नि काय याच्याशी देणंघेणं नव्हतं. तरी आज या दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ लावून बघा, एकाच घराण्यातल्या वाटतात.

माझ्या कानावर ही रेकॉर्ड पडली ती जळगावात, फोनवर, ती निघाल्याला तीन तपं उलटून गेल्यावर. जिओ आल्यानंतरचे दिवस. डेटा इतका स्वस्त झाला होता की रात्री गाणी लावून झोपायचं आणि सकाळी उठून पाहायचं, यूट्यूब आपल्याला कुठल्या कुठे घेऊन गेलंय. त्याआधी आमच्याकडे गाणी मिळायची ती मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असायचे : अहिराणी, भीमगीतं, कव्वाली, डीजे, पावरी, जुनी हिंदी. ज्याला फोल्डर नाही ते गाणं जगात नाही. चरणजीत सिंगांना असा फोल्डरच नव्हता. ते जुन्या हिंदीत बसत नव्हते आणि डीजेतही बसत नव्हते. खरं तर 1982 सालीही त्यांचं दुखणं हेच होतं.

मुंबई ते जळगाव रेल्वेनं 420 किलोमीटर. ही रेकॉर्ड मात्र मुंबईहून निघाली आणि दिल्ली, हॉलंड करत आमच्याकडे पोचली. 2002 मध्ये एडो बाऊमन नावाचा एक डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्डी धुंडाळत होता, त्याच्या हाती ही लागली. हिंदी सिनेमासंगीताचा त्याला नाद. घरी नेऊन लावली आणि तो चक्रावला, कारण जो आवाज 1987 सालचा म्हणून त्याला पाठ होता तो 1982 सालच्या रेकॉर्डवर वाजत होता. पुढे त्यानं मुंबईत येऊन चरणजीत सिंगांना गाठलं आणि 2010 मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे रेकॉर्ड पुन्हा काढली. युरोपातल्या कित्येकांचा विश्वासच बसेना. कुणा हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं गंमत म्हणून जुनं कव्हर लावून हे बनवलंय, अशी कुजबूज चालली. इंग्लंडच्या अ‍ॅफेक्स ट्विनवरसुद्धा संशय घेतला गेला. आणि इकडे मुंबईत एक सत्तरीचा माणूस हयात होता, त्याला कुणी विचारलं तर तो सरळ सांगत होता, हो, मीच केली.

आता ती यंत्रं. त्यांची गोष्ट रेकॉर्डीइतकीच नवलाची आहे.

तिन्ही रोलँड कंपनीची. पहिलं टीआर-808, ड्रम मशीन. दुसरं टीबी-303, बेसचे सूर काढणारी चपटी चंदेरी डबी. तिसरं ज्युपिटर-8, मोठा सिंथेसायझर, आठ सूर एका वेळी धरणारा. चरणजीत सिंगांनी ती सिंगापुरातून आणली. हा माणूस काही हौशी नव्हे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवलेला, बाजारात आलेलं नवं वाद्य स्टुडिओत सगळ्यांआधी हातात घेणारा वादक.

टीबी-303 चा मूळ हेतू अगदी साधा. गिटारचा एकट्यानं रियाज करणाऱ्याला साथीला बेस वाजवणारा मिळत नाही, त्याची सोय व्हावी. 1981 मध्ये ती बाजारात आली. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि तिच्यात चाल भरणं म्हणजे डोकेदुखी : आधी नुसते सूर भरायचे, मग वेगळ्यानं त्यांचे काळ. मधे कुठे चुकलं की भलतीच चाल तयार. दहा हजारांच्या आसपास नग बनले आणि 1984 मध्ये कंपनीनं ती बनवणं बंद केलं. त्या डब्या अमेरिकेत सेकंडहँड दुकानांत मातीमोल भावानं पडल्या. शिकागोच्या पोरांच्या हाती ती आली याचं कारण हेच, ती स्वस्त होती.

808 चं तर याहून भारी. तिच्या झांजेचा जो सूंसूं आवाज आहे तो काढायला रोलँडनं मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते, इतरांनी नापास केलेले. पुढे ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांचं काम सुधारलं, नापास माल मिळेना, आणि यंत्र बंद करावं लागलं. चांगला माल आला म्हणून धंदा बसला, असं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

303 च्या आत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण सगळी जादू तिथे आहे. आत एक लहर तयार होते, करवतीच्या दात्यांच्या आकाराची. अशा लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या वरचे असंख्य स्वरांश भरलेले असतात, म्हणून तो आवाज चरचरीत असतो. मग तो एका फिल्टरमधून जातो. फिल्टर ठरावीक उंचीच्या वरचं सगळं कापून टाकतो. एक नॉब ही उंची ठरवतो. दुसरा नॉब आणखी एक काम करतो : जिथे कापलं जातं नेमक्या त्या काठावरच्या स्वरांशांना तो फुगवतो. दोन्ही नॉब एकदम फिरवले की बेसचा गंभीर सूर चिरकायला लागतो, घोगरा होतो, पाण्यातून बोलल्यासारखा होतो. अ‍ॅसिड हाउसचा सगळा पंथ या दोन नॉबांवर उभा आहे. शिवाय तिच्यात एक सोय आहे, स्लाइड. दोन सुरांच्या मधे ती खाडकन उडी मारत नाही, एकावरून दुसऱ्यावर घसरत जाते. म्हणजे मींड! जपानच्या कारखान्यात बसून कुणी मींडेचं बटण बनवलं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

आपल्याकडे यंत्र आणि राग यांचं भांडण जुनं. आकाशवाणीनं 1940 मध्ये हार्मोनियमला दारं बंद केली ती याच मुद्द्यावर. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, मधे घसरता येत नाही, श्रुती सांभाळता येत नाही. तीसेक वर्षं ती बंदी राहिली. त्या न्यायानं 303 ला पेटीपेक्षा बरे गुण द्यावे लागतील, तिला निदान घसरता येतं. पण श्रुतींचा आक्षेप तिलाही चुकत नाही. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून आणखी उतरलेला लागतो; यंत्राच्या पट्टीत तो नाहीच. म्हणून या रेकॉर्डमधली तोडी मला कोरडी वाटते, आणि ती आवडत असल्याचं ढोंग करण्यात अर्थ नाही. ललतमध्ये दोन मध्यम शेजारीशेजारी येतात, ते मात्र यंत्राच्या तोंडून चमत्कारिक गोड लागतात. सगळ्यात जमलेत ते पाच सुरांचे राग : भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी. त्यामागे कारण आहे. 303 एका फेऱ्यात सुरांसाठी सोळा घरं देते. त्या सोळा घरांत पाच सूर फिरवत ठेवले की चाल भरगच्चही होत नाही आणि रिकामीही वाटत नाही.

राग आणि हे यंत्र जुळण्याचं यापेक्षा मोठं कारण आणखी खोल आहे. पाश्चात्त्य गाण्यात खालचा बेस दर दोनचार मात्रांनी जागा बदलतो, कारण वरचे कॉर्ड बदलतात. रागात कॉर्डच नाहीत. षड्ज एकदा लागला की हलत नाही. तंबोरा तेच धरून बसतो आणि त्याच्या आधारानं सगळं घडतं. त्यामुळे तीच तीच चाल घोळवणारं बेसचं यंत्र रागाखाली ठेवलं की ते मुळीच अडखळत नाही. ते तंबोऱ्याचं काम करतं आणि वर नाचायलाही लावतं. शिकागोत पोरांनी कॉर्ड टाकून दिले कारण यंत्राला ते येत नव्हते. मुंबईत चरणजीत सिंगांकडे ते मुळातच नव्हते. दोघे दोन वाटांनी निघाले आणि एकाच ठिकाणी जाऊन पोचले ते असे. बाकी कुणी कुणाचं चोरलं, पहिला कोण, हा वाद मला फिजूल वाटतो. शिकागोवाल्यांनी नॉब सतत फिरवत ठेवले, त्यांच्यासाठी आवाजाचं बदलणं हेच गाणं होतं. चरणजीत सिंगांचं लक्ष वरच्या सुरावट वाजवणाऱ्या हाताकडे आहे, खालचं यंत्र साथीदार. तेव्हा अ‍ॅसिड हाउस त्यांनी शोधलं म्हणणं हे त्यांच्यावर उगाच लादलेलं श्रेय आहे. स्वतः चरणजीत सिंग फार साधं सांगायचे : तेव्हा सिनेमात जिकडेतिकडे डिस्को चालला होता, म्हटलं आपण यातच काहीतरी वेगळं करू, तबला बाजूला ठेवू आणि रागाला डिस्कोचा ठेका देऊ.

डिस्को चालला होता हे खरंच. 1980 मध्ये 'कुर्बानी' आला, 1981 मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', 1982 च्या अखेरीस 'डिस्को डान्सर'. मग या लाटेत ही रेकॉर्ड का बुडाली? तिच्यात कुणी गात नव्हतं, हे एक. शास्त्रीय संगीताच्या कपाटात ठेवावी तर डिस्कोचा ठेका आडवा येणार, डिस्कोच्या कपाटात ठेवावी तर राग. पण मला वाटतं खरी अडचण पुनरावृत्तीची होती. हे संगीत तेच तेच म्हणतं आणि म्हणता म्हणता केसाएवढं बदलतं. त्या केसाएवढ्या बदलाकडे कान लावून नाचायची सवय असावी लागते. 1982 साली ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता त्या घरांत ती सवय नव्हती. शिकागोतल्या क्लबातसुद्धा रॉन हार्डी नावाच्या डीजेनं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोक नाचायचे थांबले, आणि त्याच रात्री चौथ्यांदा वाजवलं तेव्हा वेडे झाले, असं सांगतात. कान घडायला शिकागोत एक रात्र लागली असेल. पुढे वर्षानुवर्षं जगभरच्या नाचघरांत तेच यंत्र कोकलत राहिलं, आणि त्यातून असे लोक तयार झाले की ज्यांना मुंबईची ती जुनी रेकॉर्ड पहिल्या मिनिटात कळली. एडो बाऊमनचे कान असे घडलेले होते.

त्याच 1982 सालची आणखी एक तबकडी याच वाटेनं परतली. कोलकात्याच्या रूपा बिस्वासनं कॅनडात कॅल्गरीला जाऊन 'डिस्को जाझ' रेकॉर्ड केली, ती इथे पडून राहिली आणि 2019 मध्ये अमेरिकेतून पुन्हा निघाली. म्हणजे त्या सालात काहीतरी होतंच.

आमच्या खान्देशाला उशिरा उजेडात येण्याचं नवल नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 ला गेल्या, तोवर त्यांची गाणी घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. मुलानं, सोपानदेवांनी, वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. पण त्यात आणि यात फरक आहे. बहिणाबाईंचा छंद, ती चाल, ती भाषा जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगात आधीपासून होती. पुस्तक यायचा अवकाश, कान तयारच होते. चरणजीत सिंगांचं उलटं. रेकॉर्ड हजर, कान गैरहजर.

आता मला खटकलेली गोष्ट. माझे कान काही शिकागोत घडलेले नाहीत, नाचघराचं तोंड मी पाहिलेलं नाही. मग मला ही रेकॉर्ड पहिल्या फटक्यात कशी लागली? याचं उत्तर मला धुळ्याकडच्या एका मित्रानं दिलं. हा पिंपळनेरच्या बाजूचा, लग्नसराईत बँडमध्ये कॅसिओ वाजवतो. त्याला मी कलावती ऐकवला. यंत्र कोणतं, साल कोणतं, काही सांगितलं नाही. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "हाई ते आपली पावरीज शे, भो!"

पावरी ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. साक्री तालुक्याचा पश्चिम पट्टा, नवापूर आणि पलीकडे गुजरातचा डांग इथल्या कोकणा आदिवासींचं हे फुंकवाद्य. सुकवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या नळ्या, टोकाला शिंग. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. धून मोजक्या सुरांची. ती फिरते, घसरते, पुन्हा तिथेच येते, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरतात. अर्धा तास एकच धून चालली तरी कुणी 'बदला' म्हणत नाही. वादक मधेच एखादा सूर दाबतो, लांबवतो, आणि साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरोळी जाते.

आज धुळे-नंदुरबारकडच्या लग्नांत खरी पावरी क्वचित दिसते. तिची जागा बँडच्या गाडीनं घेतली. टेम्पोवर भोंगे, खाली बेसचे डबे, मागे जनरेटर, वर ऑक्टापॅडवाला आणि कॅसिओवाला. कॅसिओत पावरीचा टोन भरून घेतलेला असतो; हे टोन बँडवाले एकमेकांकडून पेन ड्राइव्हवर घेतात आणि चांगला टोन कुणी सहजासहजी देत नाही. डाव्या हाताशी सूर वाकवायची दांडी असते, तिनं घसरण काढायची. आता गंमत पाहा. आम्ही सगळ्याला 'कॅसिओ' म्हणतो, पण माझ्या मित्राकडचा, आणि त्याच्या ओळखीच्या बऱ्याच बँडवाल्यांकडचा, तो कॅसिओ नव्हेच. तो रोलँडचा एक्सपीएस-10. म्हणजे 1982 साली मुंबईत ज्या कंपनीच्या डबीवर राग वाजला, त्याच कंपनीच्या पेटीवर आज साक्रीच्या हळदीत पावरी वाजते. शिकागो, मुंबई आणि पिंपळनेर, तिघांनाही हत्यार पुरवलं ते एकाच जपानी कंपनीनं, आणि तिघांनी ते कंपनीच्या मनात नव्हतं त्या कामाला लावलं.

माझे कान घडले ते या गाड्यांमागे. लहानपणापासून वरातीत बेसच्या डब्याशेजारून चालताना तेच तेच घुमणं छातीत घ्यायची सवय लागली होती. तिला संगीताची समज म्हणतात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. शहाणी माणसं त्याला गोंगाट म्हणायची, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांचं खोटंही नव्हतं. पण सोळा घरांची चाल शंभर वेळा ऐकून एकशेएकाव्या वेळी काय बदललं ते टिपणारा कान याच गोंगाटात तयार झाला.

चरणजीत सिंगांना हे दिवस थोडे का होईना पाहायला मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात गेले, पुन्हा त्याच जुन्या यंत्रांवर राग वाजवले, समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं नाचली. जुलै 2015 मध्ये मुंबईत ते वारले.

मित्रानं माझ्याकडून कलावती घेतला खरा, पण त्याला तो जसाच्या तसा पसंत नव्हता. त्याची तक्रार धंद्यातली होती : "याले तोड कोठे शे?" ऑक्टापॅडवाला दर काही फेऱ्यांनी ठेका फोडतो, त्या तोडीवरच नाचणारे उसळतात, इथे तर पाच मिनिटं ठेका सरळ. मग त्यानं वेग वाढवला, मधे मधे तोड घातली, वरची सुरावट पावरीच्या टोनवर घेतली आणि खालची घुमणारी चाल तशीच ठेवली. एका हळदीला, रात्री उशिरा, नेहमीच्या धुनांमधे ती सोडून दिली. साखळी थांबली नाही. धून संपल्यावर एक म्हातारबाबा गाडीजवळ आले आणि वर मान करून त्यांनी विचारलं, ही पावरी कोणत्या गावची, आपल्याकडची तर वाटत नाही.

"मुंबईनी शे, बाबा," तो म्हणाला आणि पुढची धून लावली.